भूभू-माऊंना ११ दिवस कुणाच्या भरवशावर ठेवायचं? पेट सिटर कसा शोधता, कसा पारखता?

निळी_शाई

पुढच्या महिन्यात ११ दिवस बाहेर जायचंय आणि जाणं टाळता येणार नाही. घरी दोन जीव आहेत: सावली, ९ वर्षांची कुत्री, आणि टिंब, ४ वर्षांचा बोका. आजवर शेजारच्या काकू दोघांकडे बघायच्या. त्या आता मुलीकडे राहायला गेल्या. त्यामुळे पैसे देऊन माणूस शोधायची वेळ आलीय, आणि ती दुसऱ्यांदा आलीय. पहिल्या वेळी काय झालं ते आधी सांगते.

गेल्या वर्षी चार दिवसांसाठी एकांना ठेवलं होतं. बोलायला गोड. ‘मला प्राण्यांचं वेड आहे’ असं भेटीत तीनदा म्हणाले. रोज संध्याकाळी फोटो यायचा, आम्ही निश्चिंत. परत आलो तर सावलीची पाण्याची वाटी कोरडी ठणठणीत आणि टिंबचा लिटर बॉक्स (शी-शूचा वाळूचा डबा) भरून वाहिलेला. मग ते फोटो पुन्हा नीट पाहिले. चारही फोटोंत उन्हाचा पट्टा त्याच लादीवर होता आणि चेंडूही त्याच कोपऱ्यात. सगळे पहिल्याच दिवशी काढून ठेवलेले होते. पुढे आठवडाभर मी चपला घालायला गेले की सावली दाराशी आडवी येऊन बसायची. ते आठवलं की अजून पोटात कालवतं.

त्यात टिंबची लघवी दोन वर्षांपूर्वी अडकली होती, तेव्हा तो जेमतेम वाचला. सावलीला सांध्यांसाठी रोज गोळी आहे. तर माणूस शोधायचा कुठे, पारखायचा कसा, आणि किल्ली हातात द्यायच्या आधी काय काय बघायचं? सविस्तर लिहिलंत तर फार मदत होईल.

चार_पाय

तुमच्या व्हेटच्या दवाखान्यात विचारा. डॉक्टरांपेक्षा तिथल्या मदतनिसांना विचारा. दिवसभर प्राणी धरून ठेवण्याचं काम तेच करतात. कुणाची कुत्री घाबरून येतात, कुणाची शांतपणे येतात, कोण गोळ्या वेळेवर न्यायला येतं, हे त्यांना बरोब्बर माहीत असतं. आमची सिटर अशीच मिळाली. त्यांच्यातले काही जण सुट्टीच्या दिवशी स्वतःही हे काम करतात, आणि टिंबसारख्या माऊसाठी तसा माणूस मिळाला तर उत्तमच. तुमच्या सावलीला शिकवणारे कुणी ट्रेनर असतील तर त्यांनाही विचारून बघा.

सकाळची_फेरी

मी गेली ८ वर्षं पेट सिटरचंच काम करते, म्हणून या बाजूने लिहिते. प्रतिसाद लांबणार आहे.

निळी_शाई, तुमचा अनुभव वाचून वाईट वाटलं आणि रागही आला. अशा एका माणसामुळे पुढच्या दहा जणांकडे संशयाने बघितलं जातं. तो संशय रास्तच आहे, त्यामुळे तुम्ही कितीही प्रश्न विचारलेत तरी चांगल्या सिटरला राग येणार नाही. ज्याला राग येतो त्याला तिथेच नमस्कार करा.

‘प्राण्यांची आवड आहे का?’ हा प्रश्न मात्र विचारूच नका. नाही असं कोण म्हणेल? त्याऐवजी विचारा, ‘तुमच्याकडे असताना एखाद्या प्राण्याचं काही बिघडलं होतं का? तेव्हा काय केलंत?’ वर्षानुवर्षं हे काम करणाऱ्याकडे असा प्रसंग असतोच. माझ्याकडून एक कुत्रा पट्ट्यातून मान काढून पळाला होता. पाच मिनिटांत मालकांना फोन केला, त्यांनी त्यांच्या भावाला पाठवलं, दीड तासाने तो मागच्या गल्लीत सापडला. हे मी प्रत्येक नव्या घरी स्वतःहून सांगते. जो म्हणतो ‘आजवर कधीच काही झालं नाही’, तो एक तर नवा असतो, नाही तर लपवतो. नवा असला तर हरकत नाही, फक्त त्याने तसं सांगावं.

दुसरं म्हणजे तो तुम्हाला काय विचारतो ते ऐका. मी पहिल्या भेटीत हे विचारते: तुमचा कुत्रा कधी कुणाला चावलाय का, कुठे हात लावला की गुरगुरतो, खाताना जवळ गेलेलं चालतं का, कशाच्या आवाजाला घाबरतो, पूर्वी कधी पळालाय का आणि पळून कुठे गेला होता. मांजर असेल तर घाबरल्यावर कुठे लपते, ती जागा दाखवायला सांगते. दारं कुठल्या बाजूला उघडतात, कुठलं नीट लागत नाही, तेही बघते. माझ्या अनुभवात घोटाळे होतात ते दाराशी. सामानाच्या पिशव्या हातात, दार पायाने लोटलेलं, आणि माऊ बाहेर. जो सिटर यातलं काही न विचारता थेट तारखांवर आणि पैशांवर येतो, त्याने तुमच्या प्राण्याचा अजून विचारच केलेला नाही.

भेटीत तो सावलीशी कसा वागतो तेही बघा. जाणता माणूस बाजूला बसेल, नजर दुसरीकडे ठेवेल, तिला येऊन वास घेऊ देईल. आल्या आल्या डोक्यावरून हात फिरवणारा, तोंडाला तोंड लावणारा माणूस प्रेमळ असेलही, पण अनोळखी कुत्र्याला ते आवडत नाही. तिने कान मागे टाकले, जीभ नाकावरून फिरवली, मान वळवली, तर हे त्याला दिसतंय का? दिसलं तर तो मागे सरकेल.

आणि हे न लाजता विचारा: त्याच दिवसांत अजून किती घरं घेतली आहेत, आणि तुम्ही स्वतः आजारी पडलात तर कोण येणार? त्या ‘कोण’लाही एकदा भेटून घ्या.

उंबरठा

वरच्या प्रतिसादाला +१. वाचनखूण साठवली.

माझ्याकडून एक भर. फुकट मदत करणारे नातेवाईक हा सोपा उपाय वाटतो, पण त्यात मोठी अडचण आहे. माझा भाचा आमच्या कुत्र्याकडे यायचा. रात्री ८ ची फेरी कधी १० ला व्हायची, कधी राहूनच जायची. बोलायची चोरी, कारण तो उपकार करत होता. नंतर आम्ही त्यालाच ठरवून पैसे द्यायला लागलो, वेळा कागदावर लिहिल्या, आणि त्या दिवसापासून तो वेळेवर यायला लागला. मुलगा तोच होता. त्यालाही आपलं काम नेमकं काय हे तेव्हाच कळलं.

निळी_शाई

@सकाळची_फेरी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मागच्या वेळच्या त्या गृहस्थांनी आम्हाला एकच प्रश्न विचारला होता: वायफायचा पासवर्ड काय?

टिंबसाठी दिवसातून एक फेरी पुरेल का? बऱ्याच जाहिरातींत मांजरासाठी ‘एक व्हिजिट’ असंच असतं.

सुई_आणि_दोरा

मी व्हेट आहे. टिंबचा इतिहास बघता एक फेरी अजिबात नको. दिवसातून किमान दोन, आणि कुणी रात्री राहणार असेल तर त्याहून बरं.

कारण सांगतो. बोक्यांची मूत्रनलिका अरुंद असते. ती अडकली की लघवी तुंबते, रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि त्याचा परिणाम थेट हृदयावर होतो. २४ ते ४८ तासांत जीव जाऊ शकतो. म्हणजे सिटर आज सकाळी १० ला येऊन गेला आणि ११ ला त्रास सुरू झाला, तर उद्या १० पर्यंत जवळजवळ पूर्ण दिवस वाया गेलेला असेल. सिटरला शब्दशः असं सांगून ठेवा: ‘टिंब पुन्हा पुन्हा बॉक्समध्ये जाऊन बसतोय, ओरडतोय, खालचा भाग चाटतोय आणि वाळूत ओला गोळा (लघवीने वाळूचा होतो तो) दिसत नाही, तर मला विचारत बसू नका. त्याला उचला आणि दवाखाना गाठा.’ लोक याला बद्धकोष्ठ समजतात आणि उद्यापर्यंत वाट बघतात. म्हणून वाळूतले ओले गोळे रोज मोजायला सांगा. ऐकायला विचित्र वाटेल, पण टिंबच्या बाबतीत फोटोपेक्षा तो आकडा जास्त उपयोगी आहे.

मांजराने खाणं सोडलं तर तेही मनावर घ्यायचं. ‘मालक नाहीत म्हणून रुसलीय’ म्हणत दोन-तीन दिवस गेले की यकृतात चरबी साठायला लागते, जाड मांजरांत विशेषतः. पूर्ण दिवस तोंडाला काही लावलं नाही की फोन करायचा.

औषधांबाबत एकच नियम लिहून ठेवा: गोळी थुंकली की गिळली याची खात्री नसेल, तर दुसरी द्यायची नाही. आधी विचारायचं. इन्सुलिनवर असलेल्या प्राण्यांत तर हे जिवावर बेतू शकतं. एक चुकलेला डोस बहुतेक वेळा निभावतो, दुप्पट डोस निभावेलच असं नाही.

निघण्याआधी तुमच्या दवाखान्यात सहीचं पत्र देऊन ठेवा: मी नसताना अमुक व्यक्ती प्राणी घेऊन येईल, उपचार सुरू करावेत, इतक्या रकमेपर्यंत माझी संमती आहे, त्यापुढे या नंबरवर फोन करा, आणि मी सापडले नाही तर निर्णय कुणी घ्यायचा. रात्री दोन वाजता सिटर प्राणी घेऊन येतो, मालकांचा फोन विमानात बंद असतो, आणि आम्ही समोर उभे असतो. अशा वेळी हे पत्र फार मोठं काम करतं. रात्री उघडा असणारा दवाखाना कुठला, हेही सिटरला आधी नेऊन दाखवा.

दोन_शेपट्या

थोडा वेगळा सूर लावतो. आम्ही कुत्र्यांना बोर्डिंगलाच, म्हणजे पैसे घेऊन प्राणी राहायला ठेवतात तिथे, ठेवतो. घरी एकटा माणूस येणार, त्याने काय केलं हे बघायला कुणी नाही. बोर्डिंगला चार जण असतात, एकाचं चुकलं तर दुसऱ्याच्या लक्षात येतं. शिवाय आमचे दोघे दुसऱ्या कुत्र्यांत रमतात. मात्र आधी न सांगता जाऊन जागा बघून आलो होतो. रात्री तिथे माणूस झोपतो की कुलूप लावून जातो, हे विचारायला विसरू नका. बऱ्याच ठिकाणी रात्री कुणीच नसतं.

सुई_आणि_दोरा

@दोन_शेपट्या, तरुण, मिसळणाऱ्या कुत्र्यांसाठी पटण्यासारखं आहे. लसी मात्र पूर्ण हव्यात, आणि नुसत्या तुमच्याच नाही, सगळ्यांच्या. जिथे दाखला न बघता प्राणी घेतात तिथे ठेवू नका. पार्व्होचा (उलट्या-जुलाबांचा जीवघेणा आजार) विषाणू जमिनीवर कित्येक महिने टिकतो, आणि केनेल कफ (कुत्र्यांचा संसर्गजन्य खोकला) तर हवेतूनही पसरतो. मांजरांसाठी मात्र शक्यतो घरच. त्यांना माणसाइतकीच, काहींना माणसाहून जास्त, आपली जागा लागते. ९ वर्षांची सांधेदुखीवाली सावलीही स्वतःच्या गादीवरच बरी.

पाखरू

भूभू-माऊंच्या गर्दीत आमचेही लिहिते. ससा असेल तर सिटरला हे पाठ करून घ्या: १२ तास खाल्लं नाही आणि लेंड्या दिसल्या नाहीत, तर लगेच दवाखाना. सशाचं आतडं थांबलं की तो फार वेळ देत नाही. घरात पक्षी असेल तर नॉनस्टिकचं भांडं कोरडं तापवायचं नाही. त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरतात, आणि सिटरला हे माहीत नसतं. मासे असतील तर डबा सिटरच्या हातात देऊ नका. दयाळू माणसं मुठीने घालतात आणि पाणी नासतं. आम्ही गोळ्यांच्या वारवार डबीत एकेका दिवसाची चिमूट मोजून ठेवतो आणि बाकीचं कपाटात बंद.

निळी_शाई

हे सगळं प्रिंट काढून ठेवतेय. एक प्रश्न मनात घोळतोय: कॅमेरा लावावा का? मागच्या अनुभवानंतर लावावासा वाटतो, पण चांगल्या माणसावर आधीच अविश्वास दाखवल्यासारखंही वाटतं.

उंबरठा

लावा. लपवून लावू नका, एवढंच.

सकाळची_फेरी

सांगून लावलेल्या कॅमेऱ्याची मला कधीच अडचण वाटली नाही. उलट कुत्र्याने उशी फाडली तर ती किती वाजता फाडली हे तरी कळतं. जिथे मी झोपते आणि कपडे बदलते तिथे नको, आणि कुठे कुठे आहे ते आधी दाखवा. एका घरी पुस्तकांमागे लपवलेला कॅमेरा सापडला होता. त्या घरी मी पुन्हा गेले नाही.

कॅमेऱ्याहून जास्त उपयोगाचं सांगते: खाद्य वजन करून ठेवा. ११ दिवसांचं मोजून एका डब्यात, गोळ्याही मोजून. परत आल्यावर किती उरलं यावरून सगळं कळतं, आणि सिटरलाही मापात चूक करायला वाव राहत नाही. फोटो मागायचे तर ‘आजच्या भरलेल्या वाटीचा’ असे मागा.

आणि सराव केल्याशिवाय जाऊ नका. पहिल्यांदा एक तास. एकटेपणाने घाबरणारे कुत्रे बहुतेक वेळा मालक गेल्यावर पहिल्या अर्ध्या तासातच भुंकायला, दार खरवडायला लागतात. त्यामुळे एका तासात बरंच कळतं. नंतर एक पूर्ण रात्र, तुम्ही जवळपास कुणाकडे तरी राहून, म्हणजे काही बिनसलं तर परत येता येईल. त्या रात्रीचे पैसे मात्र द्या. तोही कामच करत असतो.

सावलीला पहिले काही दिवस पट्ट्याशिवाय सोडू नये हे स्पष्ट सांगा. तुमच्या हाकेला येते म्हणून त्यांच्या हाकेला येईलच असं नाही. गळपट्टा आणि हार्नेस, दोन्ही घालून दोन दोऱ्या लावल्या की मान निसटली तरी कुत्रा हातात राहतो. त्या पळालेल्या कुत्र्यानंतर मी हे सुरू केलं.

चार_पाय

कातडीखाली बसवलेली ओळखीची चिप असेल तर तिचा १५ आकडी नंबर सिटरकडे द्या, आणि नोंदणीत फोन नंबर जुना तर नाही ना ते बघा. बरेच जण चिपला ट्रॅकर समजतात. कुणीतरी स्कॅनर लावला तरच ती वाचता येते, कुत्रा कुठे आहे ते तिच्यावरून दिसत नाही. तुमचा फोन प्रवासात बंद राहणार असेल तर त्या दिवसांपुरता गळ्यातल्या बिल्ल्यावर सिटरचा नंबर घाला.

सुई_आणि_दोरा

एक राहिलं. सिटरची स्वतःची पिशवी उंचावर ठेवायला सांगा. शुगरफ्री च्युइंगगममधलं झायलिटॉल कुत्र्याला विषारी असतं आणि पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. दोन्ही गोष्टी लोकांच्या पिशवीत असतात, आणि नव्या माणसाची पिशवी हुंगायला प्राणी हमखास जातात. घर प्रसन्न वाटावं म्हणून कुणी लिलीची फुलं आणली तर तीही मांजराच्या घरात नकोत. तिच्या परागांनीही मूत्रपिंड निकामी होतात.

सिटरला चावा बसला किंवा ओरखडा आला तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरांकडे जायचं. जागतिक आरोग्य संघटना रेबीजसाठी हेच सांगते. प्राण्यांच्या लसीचा दाखला त्याला सापडेल असा ठेवा.

निळी_शाई

तीन आठवड्यांनी लिहितेय. धागा वर काढते.

चार जणांना भेटले. पहिल्या बाईंची अभिप्रायांची यादी लांबलचक होती. त्यांच्या एका जुन्या ग्राहकाशी बोलले आणि सरळ विचारलं, ‘दुसऱ्यांदा बोलावलंत का?’ पलीकडे जरा शांतता, मग ‘नाही, म्हणजे तशी गरज पडली नाही.’ तिथेच थांबले. दुसऱ्यांनी भेटायची गरज नाही म्हणून सांगितलं. तिसरा मुलगा मनापासून चांगला होता, पण त्याच दिवसांत त्याची पाच घरं होती आणि त्याने ते स्वतःहून सांगितलं. त्याचा नंबर जपून ठेवलाय.

चौथ्या बाई आमच्या दवाखान्यातल्या मदतनिसांनी सुचवलेल्या. आल्या आणि जमिनीवर बसल्या. सावली दहा मिनिटं लांब उभी राहिली, त्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही, माझ्याशीच बोलत राहिल्या. शेवटी ती त्यांच्या गुडघ्याला टेकून बसली. टिंब पलंगाखालून आलाच नाही. तर म्हणाल्या, ‘येऊ दे त्याला त्याच्या वेळेने. वाळू कुठली वापरता? बदललेली चालते का?’ मग विचारलं, लघवी अडकली होती तेव्हा पहिलं लक्षण काय दिसलं होतं? हे आजवर मला घरच्या माणसांनीही विचारलेलं नाही. माझे डोळे भरून आले.

त्यांची बिघडलेली गोष्टही सांगितली: एका म्हाताऱ्या कुत्रीने उलट्या सुरू केल्यावर त्यांनी चार तास वाट बघितली, ती बघायला नको होती. कुत्री वाचली, पण तेव्हापासून त्या वाट बघत नाहीत.

एक तास झाला, एक रात्र झाली. पत्र दवाखान्यात दिलंय. परवा निघतोय.

सकाळची_फेरी

शुभेच्छा. अजून एक ठरवून ठेवा: ‘आम्ही घराच्या आत पोचलो’ असा तुमचा निरोप येईपर्यंत काम संपलं असं त्यांनी धरायचं नाही. ठरलेल्या तारखेला नाही, तुमच्या निरोपावर. प्रवास लांबतात. मालकांना वाटतं ती आहे, तिला वाटतं मालक आले, आणि घरात प्राणी एकटा.

निळी_शाई

काल परत आलो. परतीचा प्रवास १४ तासांनी लांबला, आणि त्या निरोपाच्या नियमामुळे बाई त्या रात्रीही राहिल्या. @सकाळची_फेरी, कुठल्या शब्दांत आभार मानू कळत नाही.

सहाव्या दिवशी पहाटे पावणेसहाला फोन आला. ‘टिंब रात्रीतून पाच वेळा बॉक्समध्ये गेला. गोळे छोटे छोटे दिसताहेत, काल चार मोठे होते. मी गाडीत आहे, दवाखान्यात पोचून पुन्हा फोन करते.’ एवढंच. ‘घाबरू नका’ नाही की ‘काय करू’ नाही. पूर्ण अडकलेलं नव्हतं, मूत्राशयाला सूज होती. डॉक्टर म्हणाले वेळेत आणलंत. औषधावर दोन दिवसांत बरा झाला. पत्र होतं म्हणून माझ्यासाठी कुणी थांबून राहिलं नाही.

पाखरू

वाचताना श्वास रोखला होता! टिंबला पापी. त्यांनी वाळूतल्या ओल्या गोळ्यांची नोंद कशी ठेवली होती? आमच्या सशाच्या लेंड्यांसाठी तसंच करावं म्हणते.

निळी_शाई

साधी वही. पानावर तारीख, खाली सकाळ आणि संध्याकाळ असे दोन भाग. प्रत्येकात खाल्लेलं ग्रॅममध्ये, पाणी, ओले गोळे किती आणि केवढे, शी, सावलीची गोळी दिल्याची वेळ. शेवटच्या ओळीत ‘आज कसे होते’ एवढं एक वाक्य. पाचव्या दिवशीचं वाक्य असं आहे: ‘टिंब आज पहिल्यांदा माझ्या पायाशी झोपला, पण दोनदा उठून बॉक्सकडे गेला, रात्री लक्ष ठेवायचं.’ वही मी मागून घेतलीय. डिसेंबरच्या तारखा त्यांना आजच सकाळी कळवल्या. बोलत होते तेव्हा सावली दाराशी होती, त्यांचा फोनमधला आवाज ऐकून शेपटी हलवत.